झाकणावरचा काळा ठिपका

प्रयोगशाळेत तिला सगळे बर्फताई म्हणतात. बारावीनंतर ती इथे काचेची भांडी धुवायला लागली. गेली बावीस वर्षं नमुन्यांतून आरएनए काढते. पेशीतली कोणती जनुकं चालू आहेत हे आरएनए वाचून कळतं, पण तो भलताच नाजूक. उघडं बोट किंवा जराशी ऊब लागली तरी त्याचे तुकडे पडतात. म्हणून बर्फाची बादली कायम तिच्या हाताशी.

त्या मंगळवारी आठ रुग्णांच्या स्नायूंमधला आरएनए यंत्राने वाचला होता. पहिला नमुना नऊ वर्षांच्या मुलीचा. तिचे पाय लुळे पडत चालले होते आणि डीएनए तपासून काही हाती लागलं नव्हतं.

संगणकापुढचे तरुण डॉक्टर म्हणाले, "ताई, घोळ झालाय. मुलीच्या नावावर पुरुषाचा नमुना दिसतोय, फक्त पुरुषांत असणारी जनुकं चालू आहेत. तुमच्या टेबलावर अदलाबदल झाली असेल, तर उरलेला आरएनएही कामाचा नाही. तिच्या मांडीतून परत तुकडा काढावा लागेल. उद्याच."

"माझ्या टेबलावर?" तिने हातमोजे उतरवले. "बाकीच्या सातांचं सांगा. बाई की पुरुष, एवढंच."

ते सांगत गेले, ती लिहीत गेली. मग कागद रुग्णांच्या यादीशेजारी धरला. "आता माझा कागद खालून वर वाचा."

"आठही जुळतायत!"

"जुळणारच. आठ नळ्यांची पट्टी तुम्ही यंत्रात उलटी लावलीत. पहिली आठवी झाली."

"दोन्ही टोकं सारखीच दिसतात हो."

"म्हणून तर पहिल्या झाकणावर मी काळा ठिपका काढते."

डॉक्टर ओशाळले. "झाकणं सैल वाटली. मी नवी लावली."

"म्हणजे ठिपका गेला कचऱ्यात!"

घरीही तिच्या प्रत्येक डब्यावर खूण असते. "मलाही एक ठिपका काढ, हरवलो तर सापडेन," असं नवरा म्हणतो. "तुम्हाला कोण नेतंय?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

तिने उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून मुलीचा उरलेला आरएनए काढला आणि तो तिच्या डीएनएशी जुळतो का, याची छोटी तपासणी लावली. दुपारी निकाल आला: मुलीचाच. डॉक्टरांनी आठव्या नळीची माहिती उघडली. स्नायूच्या एका जनुकाच्या संदेशात, म्हणजे त्याच्या आरएनएत, कापला जायला हवा तो भाग तसाच राहिला होता. आजार सापडला होता.

त्यांनी वॉर्डला फोन लावला. "उद्याची शस्त्रक्रिया रद्द. तुकडा नको."

बर्फताई तोवर नव्या पट्टीवर ठिपका काढत होती. या वेळी झाकणावर नाही, नळीच्या अंगावर.