खराब पट्ट्यातली माती

सावेडीच्या दवाखान्यात भेटलेले ते सोनईचे काका मला पुन्हा कधी दिसले नाहीत. आमच्या शेजारी बाकावर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून ते तिच्या कडा सारख्या चापत होते.

अण्णांच्या प्रोस्टेटच्या पहिल्या बायोप्सीत कॅन्सर निघाला नव्हता. तरी रक्तातला पीएसए हा प्रोस्टेटचा घटक चढत होता आणि एमआरआयमध्ये एक डाग दिसला होता. डॉक्टर पुन्हा बायोप्सी करू म्हणत होते, अण्णा तयार नव्हते. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून समजावणं माझ्याकडे आलं. पण वडिलांशी हे बोलताना मी अडखळायचे.

"एकदा न्हाई निघालं ना? मग परत कशाला टोचायचं?" अण्णा म्हणाले.

काका त्यांच्याकडे वळले. "पाव्हणं, मातीचा नमुना कुठून घेता?"

"रानातल्या चार-पाच जागचा."

"आन् नेमका खराब पट्टा राहून गेला तर? माझं तसंच झालं. दुसऱ्या बारीला डागातलंच घेतलं, तवा सापडलं. आता इलाज चालू हाय, उसाला पानीबी मीच देतो."

अण्णांनी हळूच विचारलं, "लई दुखतं का?"

"दुखन्यापरीस लाज लई वाटती!"

दोघंही हसले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, पण मलाही हसू आवरेना.

आमचा नंबर आला. मी फाइल उघडेपर्यंत अण्णाच डॉक्टरांना म्हणाले, "करा परत. पर या बारीला खराब पट्ट्यातली माती घ्या."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी न अडखळता सांगितलं, "डाग दिसतोय तिथूनच घ्या, म्हणतायत."