प्रेंद नावाडी आणि दोन जावळं

आमच्या मात नावाच्या नदीवर नाव हाकणारा प्रेंद अंगाने रेड्यासारखा, पण मनाने फार हळवा. त्याच्या हातून जे झालं त्याबद्दल गावात कुणीही त्याला दोष दिला नाही, आणि तोच त्याचा जन्माचा छळ झाला.

आमच्यावर तेव्हा सर्बांचं राज्य होतं; त्यांच्या राजाने वसुलीवर बसवलेला रादोसाव एका हिवाळ्यात त्याच्या घरी पाहुणा होता. तेव्हा प्रेंदच्या मुलाचं जावळ त्यानेच काढलं. आमच्यात जावळ काढणारा सख्ख्या भावाहून जवळचा. पुढे राजाने आमच्या चर्चना हात घातला, तसे आमचे सरदार बार्ध बंड करून उठले. बेत साधा होता. बंड मोडायला येणाऱ्या सर्बांची पहिली नाव प्रेंदने मध्यावर न्यायची, मग पलीकडच्या झुडपांत दबा धरलेल्या बार्धांच्या माणसांचे बाण सुटणार.

नावेत पहिला पाय रादोसावनेच ठेवला.

"काय सोयऱ्या, पोरगा चालायला लागला? का बापासारखा बसूनच खातो?"

प्रेंदने वल्हं खाली ठेवलं. "आज पाणी वाईट आहे. जाऊ नका."

"वाईट? अरे, किती संथ आहे!" म्हणता म्हणता रादोसावची नजर झुडपांकडे गेली.

सर्ब नावेत चढलेच नाहीत; वरच्या पुलाने गेले आणि झुडपांतल्या आमच्या माणसांवर पाठीमागून आले. बार्ध आणि त्यांचा तरणाताठा मुलगा तिथेच पडले.

म्हातारे म्हणाले, "बरोबर केलंस. जावळाच्या सोयऱ्याला मारायला देतात का कुणी?" स्वतःचं काही गेलेलं नसलं की माणूस न्याय फार छान करतो! प्रेंदला मात्र घास उतरेना. शेवटी तो बार्धांच्या विधवेच्या, दाफिनाबाईंच्या दारात गेला.

"आईसाहेब, मला शिव्या तरी द्या."

"शिव्यांनी माझा मुलगा परत येतो का? आत ये."

आत सून बसली होती. मांडीवर बाळ, बापाचं तोंडही न पाहिलेलं. बाईंनी कात्री पुढे केली.

"याचं जावळ तू काढ."

"मी? अहो, याचा बाप माझ्यामुळे गेला!"

"म्हणूनच. सोयऱ्यासाठी सगळ्यांना बुडवतोस ना? मग आता याचा सोयरा हो."

प्रेंद ढसाढसा रडला. मग त्याने जावळ काढलं.

ते पोर मोठं झालं, रोज नदीवर येऊन "आबा!" म्हणून हाक मारू लागलं. प्रेंद आधी पलीकडच्या झुडपांकडे बघायचा, आणि मग ओ द्यायचा.