पुरिंगचा जबडा

पुरिंगची हनुवटी जन्मापासूनच जराशी डावीकडे कललेली. मालोलोस शहराजवळच्या त्यांच्या गावात तिचा बाप ताशिओ बँड चालवायचा. लेकीच्या हातात पहिल्यांदा क्लॅरिनेट दिली तेव्हा तो म्हणाला होता, "तोंड वाकडं असेना, सूर सरळ आहे पोरीचा."

चाळिशी उलटली आणि कानापुढचा सांधा कटकट वाजू लागला. आधी जांभई देताना, मग भात चावताना. पुढे पुढे सकाळी तोंड बोटभरही उघडेना. कानात सुई खुपसावी तशी कळ थेट कपाळात जायची. मालिशवाल्या म्हातारीनं खोबरेल लावून गाल चोळले, तर ते आणखीच सुजले. दातांच्या डॉक्टरनं झोपताना दातांत धरायला प्लास्टिकची पट्टी दिली.

"सांधा झिजलाय, बाई. जबडा सरळ नाही, भार सगळा एकीकडे येतो. वाजवणं सोडा."

"मग करू काय?"

"मऊ खा. कमी बोला."

ना ताप, ना जखम. घरची माणसं आधी हळहळली, मग कंटाळली. गावच्या जत्रेला सगळे भाजल्या डुकराचं कुरकुरीत कातडं कडाकडा फोडत आणि ही कोपऱ्यात पेज पीत बसे. भावजय म्हणायची, "ताई, असं तोंड करून नका ना बसू! पाहुण्यांना वाटेल, माझंच रांधणं बिघडलंय."

मग बाप गेला. बँड आता धाकट्या भावाकडे, पिदिओकडे होता.

"ताई, अंत्ययात्रेत तू नको वाजवूस. मी दुसऱ्याला सांगितलंय."

"माझा बाप आहे तो."

"माझाही आहे. म्हणूनच म्हणतोय."

तिनं ऐकलं नाही. चर्चपासून ती बँडच्या रांगेत चालली, वाजवत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, बापासाठीच. बाजाराच्या वळणावर सांधा खटकन सरकला आणि जबडा अर्धवट उघडा अडकला. क्लॅरिनेट किंचाळली. हनुवटीवरून लाळ ओघळली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. पिदिओनं पाऊल न थांबवता तिच्या हातातून क्लॅरिनेट काढून घेतली.

"मागे जा, ताई. बायकांत चाल."

दफनभूमीत सगळ्या बायका हंबरडा फोडून रडल्या. पुरिंगला तेही जमलं नाही. मोठ्यानं रडायलाही जबडा लागतो. ती रुमाल तोंडावर दाबून उभी राहिली. घरी आल्यावर भावजयीनं गरम फडकी ठेवून तास-दीड तास शेकलं, तेव्हा कुठे तोंड मिटलं.

क्लॅरिनेट तिनं परत मागितली नाही, पिदिओनंही आणून दिली नाही. अजूनही दर रविवारी बँड तिच्या गल्लीवरून जातो. लांबून ढोल ऐकू आला की ती खिडक्या लावून घेते. पण सूर फटींतून आत येतातच. तिचे ओठ आपोआप आवळले जातात, दात दातांवर बसतात, आणि कळ निघते.