रविवारी पाचचा फोन

सोनोग्राफी नॉर्मल होती. रक्ताच्या तपासण्याही नॉर्मल. तरी नऊ वर्षांच्या गार्गीच्या पोटात दर रविवारी दुखायचं आणि सोमवारी तिची शाळा बुडायची. शेवटी शाळेने तिचं नाव आमच्याकडे पाठवलं.

मी सायकॉलॉजिस्ट आहे. कोविडनंतर आमच्या संस्थेने ग्वाल्हेरच्या वस्त्यांमध्ये मुलांसाठी काम वाढवलं. डॉक्टर थोडे, मुलं फार. म्हणून त्या त्या मोहल्ल्यातल्या बायकांनाच ट्रेनिंग दिलं. त्या घरोघर जाऊन ठरलेले प्रश्न विचारतात, फॉर्म भरतात. याला आम्ही स्क्रीनिंग म्हणतो. म्हणजे कोणत्या मुलाला मदत लागेल, ते चाळून काढायचं. किला गेटचा भाग कल्पनाकडे होता. माझी सगळ्यात चांगली वर्कर. (नावं अर्थातच बदलली आहेत.)

गार्गीच्या फॉर्मवर कल्पनाने लिहिलं होतं, 'आई पुण्याला, उपचार चालू.' शाळेच्या रजिस्टरमध्ये होतं, 'आई दुसऱ्या लाटेत वारली.'

"यातलं खरं कोणतं?" मी विचारलं.

"घरच्यांनी सांगितलं ते लिहिलं, मॅडम."

"रविवारी दोघी जाऊन बघू."

"रविवारी पाचला मला काम असतं. तुम्ही होऊन या ना."

दुखणं रविवारचं, म्हणून मी रविवारीच गेले. वडील दालबाजारातल्या दुकानात होते. आजीने चहा दिला. गार्गी माझ्यासमोर बसून पेन्सिलीला टोक करत होती. पाचला मोबाइल वाजला.

"चल, आईचा फोन!" आजी म्हणाली आणि तिने स्पीकर लावला.

गार्गी एक हात पोटावर ठेवून उठली.

"बेटा, खाना खाल्लास ना? अभ्यास करतेस, है की नाही?"

"हो, आई."

"डॉक्टर म्हणतात, थोडे दिवस अजून. आजीला तंग नाही करायचं, है की नाही?"

"नाही करत, आई."

अर्धा मिनिट मला वाटलं, शाळेचंच रजिस्टर चुकलंय. मग तो 'है की नाही' दुसऱ्यांदा आला आणि माझा कप बशीवर आपटला. हा आवाज मी रोज ऑफिसात ऐकते. कल्पना!

आजीने मला दाराबाहेर नेऊन सांगितलं. सून भोपाळच्या दवाखान्यातच वारली. देह घरी आला नाही. पोरीने काही पाहिलंच नाही, पण जेवण सोडलं. "मीच कल्पनाचे पाय धरले, बाई. म्हटलं, एकदा आई होऊन बोल."

दुसऱ्या दिवशी कल्पनाने काही लपवलं नाही. "एकच फोन करणार होते, मॅडम. तेव्हा मी नुसती शेजारीण होते. त्या दिवशी ती दोन पोळ्या जेवली. मग बंद कसा करू? नंतर ट्रेनिंगमध्ये तुम्हीच शिकवलंत, मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची. मला वाटलं, बरोबरच चाललंय."

हे मी प्रत्येक बॅचला शिकवते. मी गार्गीचा फॉर्म उचलला आणि डायरेक्टरांकडे गेले.

आमचे डायरेक्टर सक्सेना सर, त्यांना उपाय लगेच सुचला. "आज ही निकालिए उसको. अगले हफ्ते नए सेंटर का इन्स्पेक्शन है."

"निकाल दिया तो फोन बंद. बच्ची की माँ दूसरी बार बिना बताए चली जाएगी."

"तो आप क्या करेंगी?"

"सच बताएँगे."

"और कुछ हो गया तो?"

"हो चुका है, सर."

सांगायचं वडिलांनी, असं ठरलं. मी त्यांच्याकडून वाक्य घोकून घेतलं. 'देवाघरी गेली' म्हणायचं नाही, कारण गेलेलं माणूस परत येतं असं मुलाला वाटतं. 'वारली' म्हणायचं. आजीने आयत्या वेळी कच खाल्ली आणि ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरायला लागली.

वडिलांनी वाक्य पुरं केलं. गार्गी रडली नाही. तिने स्वयंपाकघराकडे बघितलं आणि दबक्या आवाजात वडिलांना म्हणाली, "हळू बोला ना. आजी ऐकेल."

"ऐकू दे की," मी म्हटलं.

"तिला माहीत नाहीये. तिला बीपी आहे ना."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच फोनला. आई सांगलीची होती. ती असं हिंदी घालून बोलायचीच नाही. फोनवर तर कल्पना मावशी आहे. पण आजीला वाटतं आईच आहे, म्हणून मी 'हो आई' म्हणते."

वडील खाली बसले. या घरात एक म्हातारी दोन वर्षं नातीला सांभाळत होती आणि नात दोन वर्षं म्हातारीला. आमच्या फॉर्मवर यासाठी प्रश्नच नव्हता.

भांड्यांचा आवाज थांबला. आजी दारात उभी होती. "ती कल्पना आहे हे मला माहीत होतं गं, बाळा."

गार्गी तिच्याकडे वळली. "मग मी कुणासाठी बोलत होते?" ती ओरडली आणि तेव्हा कुठे रडली.

पुढचे तीन रविवार पोट दुखलं. चौथ्या रविवारी दुखलं नाही. कल्पना अजून कामावर आहे, पण आता तिचा प्रत्येक फॉर्म मी तिच्यासमोर बसून वाचते. रविवारी पाचला ती गार्गीकडे स्वतः जाते, मावशी म्हणून. पहिल्यांदा गेली तेव्हा गार्गीने दारातच विचारलं होतं, "आज कोण बनून आलीस?" कल्पनाने ते ऐकून घेतलं.

इन्स्पेक्शन पार पडलं, नवं सेंटर सुरू झालं. ट्रेनिंगमधलं माझं वाक्य मी काढलं नाही, त्यात भर घातली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करा, पण ते कुठे आहे हे घरच्यांना विचारू नका. मुलाला विचारा.