सोलमध्ये मागवलेलं दोघांचं जेवण

...डिशवॉशर रिकामा करून झाला होता, नातीचा डबा भरून झाला होता आणि मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच पोळी खात होते. अमेरिकेत, बॉथेलमधली आमची रोजची सकाळ. तेवढ्यात माझी लेक स्वाती म्हणाली, "आई, ऑफिसच्या कामाला सोलला चाललेय. तूही चल. तिथे तरी बसून जेवशील."

टोमणा बरोबर होता. हे गेल्यापासून, घरी एकटी असले की मी ताट वाढून टेबलाशी बसतच नाही. समोरची खुर्ची बघवत नाही, एवढंच कारण.

तर अशी मी मागच्या महिन्यात कोरियात पोचले. विमानतळ इतका लख्ख की चपलांचा आवाज करायचाही संकोच वाटावा. पण खरा आनंद झाला तो पाट्यांचा...

माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं वाचन माझं मीच शिकले. नातीबरोबर कोरियन मालिका बघायला लागल्यावर लायब्ररीतून पुस्तक आणून त्यांची अक्षरंही गिरवली होती. अर्थ कळत नव्हता, पण टॅक्सीतून दिसेल ती पाटी मी मोठ्याने वाचत होते. स्वाती म्हणाली, "आई, ड्रायव्हर हसतोय." म्हटलं, हसू दे.

हॉटेलवर सामान टाकून ती थेट मीटिंगला पळाली. जाताना बजावलं, "भूक लागली तर रूमवरच मागव." मी खाली उतरले.

गल्लीभर तिळाच्या तेलाचा आणि लाल मिरचीचा वास. एका छोट्या खानावळीत टेबलांच्या मधोमध मोठे लोखंडी तवे, त्यावर कोबी, रताळं आणि लालभडक चिकन परतलं जात होतं. मी आत जाऊन एक बोट दाखवलं. मालकीणबाईंनी नकारार्थी मान हलवली, फोनवरच्या भाषांतराच्या यादीतून मला माझी भाषा निवडायला लावली आणि मराठीत आलेलं वाक्य दाखवलं... "कमीत कमी दोन लोकांचे जेवण."

तिथला रिवाजच आहे तो, तव्यावरचं जेवण एकट्याला देत नाहीत, हे नंतर कळलं. त्या क्षणी मात्र ते वाक्य फार लागलं. बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत गेले. रूमवर जाऊन पलंगाच्या कडेला बसून काहीतरी पोटात ढकललं असतं, तर कुणाला कळणार होतं?

पण भूक खरी होती... परत फिरले आणि दोन बोटं दाखवली.

बाईंनी दोन चमचे, दोन ग्लास मांडले. भोवती वाट्याच वाट्या. किमची, मोडाची भाजी आणि तीळ घालून परतलेली गोडसर सुकी मासळी, थेट आमच्या रेवदंड्याची सुकी मांदेलीच. पानात टाकायचं नाही ही सवय, म्हणून मी सगळ्या वाट्या पुसून स्वच्छ केल्या. बाईंनी पुन्हा भरल्या. मी पुन्हा संपवल्या. तिसऱ्यांदा भरल्या तेव्हा उमगलं, इथे रिकामी वाटी म्हणजे 'आणखी वाढा'.

मग त्यांनी दाराकडे बघत फोन पुढे केला. "दुसरे कधी येणार?"

मी टाइप केलं, "दुसरं कुणी नाही. पती वारले. मी एकटीच आहे."

बाईंनी वाचलं. दुसरा ग्लास उचलला नाही. कात्रीने चिकन कापलं, एका हिरव्या पानावर ते, थोडा भात, लसणाची पाकळी ठेवून पुडी वळली आणि सरळ माझ्या तोंडाशी आणली. मी लाजून अर्धीच चावली, सगळा रस्सा हनुवटीवर. फोन पुन्हा पुढे... "बहीण, तोंड मोठे उघडा. पूर्ण एकदाच."

लग्नात यांनी भरवला होता, त्यानंतर मला कुणी घास भरवल्याचं आठवत नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मिरचीही होतीच म्हणा. मग मी निवांत बसून जेवले, तवा अर्धा होईपर्यंत. उरलेलं बाईंनी बांधून दिलं. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहिलं.

संध्याकाळी ते खाताना स्वातीने विचारलं, "एवढं कुणासाठी मागवलं होतंस?"

"माझ्यासाठी," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला गेल्यावर मी एक पेजेचं दुकान शोधून काढलं. एक वाटी पेज मागवली, खुर्ची ओढली आणि बसून खाल्ली.