डाव्या हाताचा पंखा

माझ्या वडिलांनी माझ्या डाव्या हातातून कधी पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाही. मी पेला पुढे करायचे, ते मान फिरवायचे आणि उजव्या हातानं दे म्हणायचे. मग मी पेला खाली ठेवायचे, हात बदलायचे, पुन्हा उचलायचे. लग्न झालं, मुलगी कॉलेजात गेली, केस पांढरे झाले, तरी हा कार्यक्रम चालूच होता. मी जन्माची डावखुरी, आणि आमच्या घरात डावखुऱ्या माणसाला वळण लावायचं असतं. मला ते लागलं नाही.

पेल्याचं मी फार मनावर घेतलं नाही. गळाचं मात्र घेतलं. आमचं घराणं मूळचं खाडीवरचं, मासे मारणारं. आजोबांच्या काळात ते मानपाड्याच्या पुढच्या गावात येऊन राहिलं. आता गावाला चहूबाजूंनी टॉवरांनी वेढलंय, पण तळं आहे आणि तळ्यात मरळ आहे. वडिलांनी दादाला लहानपणीच गळ धरायला शिकवला. मी हात पुढे केला की म्हणत, "डाव्या हाताचा गल रिकामाच येतो." विषय संपला. गळाला लावायचे बेडूक पकडून आणायला माझा डावा हात चालायचा, गळ टाकायला तेवढा चालायचा नाही. तळ्याच्या बांधावर, त्यांच्या डोळ्यांदेखत, ह्याच हातानं एक मरळ काढायची, ही एवढी इच्छा मी पन्नाशीपर्यंत जपून ठेवली. रागानं जपून ठेवली म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षी दादानं मोबाइलवर एक खोटा मासा पाहिला. लाकडाचा, तोंडाला एक आणि शेपटीला एक असे दोन चिमुकले पंखे लावलेला. पाण्यावरून ओढला की पंखे भिरभिरतात, फुरफुर आवाज होतो, फेस उडतो, आणि मरळीला वाटतं वर काहीतरी खाण्यासारखं पोहतंय. जिवंत बेडकाला गळ टोचणं मला कधीच बघवलं नव्हतं, त्यामुळे मी लगेच भागीदार झाले. शिवाय पंख्यांसाठी लागणारा पत्रा माझ्याकडेच होता. मी मानपाड्याला एका छापखान्यात प्लेटी बनवते. छपाई झालेल्या जुन्या प्लेटी पातळ ॲल्युमिनियमच्या असतात, कात्रीनं कापल्या जातात आणि वाकवल्या की तशाच राहतात.

लाकूड वडिलांनी सुचवलं. पांगाऱ्याचं घ्या म्हणाले, ते हलकं, पूर्वी जाळं तरंगत ठेवणाऱ्या बोयांना तेच वापरत. वर्तकनगरच्या माझ्या घराच्या गॅलरीत बसून मी ते कानशीनं घासून अंगठ्याएवढं जाड आणि दोन्हीकडे निमुळतं केलं. खालच्या बाई दोनदा वर येऊन गेल्या, त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा पडत होता. मधून आरपार तार घातली, पोटाला तीन काट्यांचा गळ लावला, वरून नेलपॉलिशचे तीन हात दिले. पंखे दादानं केले. पंखा लाकडाला घासून अडकायचा, म्हणून दोघांच्या मध्ये काचेचा एकेक मणी घातला. टेंभी नाक्यावरच्या नवरात्रात घेतलेली माझी माळ त्यापायी तुटली.

एवढं करून तळ्यावर गेलो आणि पचका झाला. दादानं मासा टाकला, ओढला, आणि मासा सरळ यायच्या ऐवजी स्वतःच गोल गोल लोळायला लागला. पोटाखालचा गळ वर, पाठ खाली, परत गळ वर. दोरीला असा पीळ बसला की ती सोडवण्यातच सकाळ गेली. गुडघ्यांमुळे वडील आता पाण्यापर्यंत उतरत नाहीत, बांधावर खुर्ची टाकून बसतात. तिथून त्यांनी निकाल दिला की मरळ काही खुळी नाही, बेडूक आणा. मी म्हटलं, मला एकदा टाकून बघू दे. त्यावर ते दादाकडे बघून हसले. म्हणाले, उजव्यानं नाही आलं ते डाव्यानं येणार? घरी जाईपर्यंत माझे कान गरम होते.

दादानं मागचा पंखा काढून उलटा बसवून पाहिला. मासा तसाच लोळला. नवे दोन पंखे कापले. तेही तसेच. दोन्ही पंखे एकाच बाजूला फिरत होते आणि लाकडाला आपल्याबरोबर फिरवत होते, एवढं आम्हाला कळत होतं. पण उलटा बसवलेला पंखासुद्धा त्याच बाजूला का फिरतो, हे काही केल्या कळेना. दादा वैतागला. दिवाळीनंतर बेडकावर जायचं, असं त्यानं जाहीर केलं.

दिवाळीच्या आधी मी फराळाला माहेरी गेले. वहिनी आणि मी करंज्या करायला बसलो. आमच्याकडे करंजीला कातण लावत नाहीत, कडेला हातानं मुरड घालतात. वहिनीची मुरड एका अंगाला पडते, माझी दुसऱ्या. ताटातल्या माझ्या करंज्या कुणीही ओळखतं, आणि त्यावरून टोमणे मारायची घरात जुनी पद्धत आहे. वहिनीनं तिची एक करंजी ताटात ठेवली, शेजारी मी माझी ठेवली, आणि मी बघतच राहिले. माझी करंजी उचलून उलटी फिरवली. मुरड होती त्याच अंगाची राहिली. वहिनीच्या करंजीसारखी ती कशीही ठेवली तरी होईना.

पिठाच्या हातांनीच उठले. दादाच्या डब्यातून पत्र्याची पट्टी आणि पक्कड घेतली आणि डाव्या हातानं पाती मुरडली. दादानं उजव्या हातानं शंभर पंखे केले असते तरी ते सगळे एकाच मुरडीचे झाले असते. पुढे त्याचा पंखा, मागे माझा. अंगणातल्या पिंपात ओढून पाहिलं. एक ह्या बाजूला फिरला, एक त्या बाजूला, आणि मधलं लाकूड शहाण्यासारखं सरळ आलं. मला इतका आनंद झाला की मी वहिनीचा पिठाचा गाल ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर दादानं सवयीनं हात पुढे केला. मी रॉड सोडला नाही. "पंखा माझा आहे," मी म्हटलं, "पहिली मीच टाकणार." त्यानं वडिलांकडे पाहिलं. वडील तळ्याकडे बघत बसले.

पहिल्या फेकीला मासा जलपर्णीत अडकला. मागून कुणी हसलं नाही, हेच खूप झालं. दुसऱ्या फेकीला तो मोकळ्या पाण्यात पडला. मी सावकाश ओढायला लागले. फुरफुर करत, मागे फेसाची रेघ सोडत तो सरळ माझ्याकडे यायला लागला. जलपर्णीच्या कडेला पाणी फुगलं. मग एकदम फुटलं. हिसका द्यायचा मोह होतो, पण दोरी ताणली जाईपर्यंत मी दम धरला आणि मग डाव्या हातानं असा हिसका दिला की त्यात माझी सगळी वर्षं होती. मरळ खाली गेली, जलपर्णीकडे पळाली, रॉड वाकला. दादा ओरडून सूचना देत होता, त्यातली मी एकही ऐकली नाही. चिखलात गुडघ्यापर्यंत उतरून मी तिला बाहेर काढलं. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी, काळपट, तेलासारखी गुळगुळीत मरळ.

गळ सोडवून तिला कल्ल्याखाली घट्ट धरलं आणि बांध चढून वडिलांच्या खुर्चीसमोर उभी राहिले. उजवा हात मी मुद्दाम पाठीमागे नेला. मरळ डाव्या हातानं पुढे केली.

वडिलांनी आधी मरळीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मी हात बदलला नाही. मरळ शेपूट आपटत होती, माझं मनगट भरून आलं होतं, पण मी संध्याकाळपर्यंत उभी राहिले असते.

"नीट धर गो, निसटंल," ते म्हणाले, आणि दोन्ही हात पुढे करून त्यांनी माझ्या हातातून मासा घेतला.

दुपारी वहिनीनं मरळीचं कालवण केलं. जेवताना वडिलांना ठसका लागला. मी पेला उचलून पुढे केला, कुठल्या हातानं ते तेव्हा माझ्याही लक्षात नव्हतं. ते पाणी प्यायले आणि त्यांनी पेला परत माझ्या डाव्या हातात दिला.