टेस्टरमधलं तेल आणि वन्संचा चेहरा

आमच्या वन्संना आरसा दिसला की त्या थांबतात. दुकानाची काच, लिफ्टचं दार, स्टीलचा डबा, काहीही चालतं. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, त्यामुळे लग्न झाल्यापासून मी पिशव्या घेऊन त्यांच्या मागे थांबत आलेय. त्या भुवई नीट करतात, गाल जरा वर ओढून बघतात, आणि मग जग पुढे सरकतं.

लग्न केलं नाही त्यांनी. "जमलं नाही" असं आमचे हे म्हणतात, "मी जमू दिलं नाही" असं त्या म्हणतात. घर त्यांच्या नावावर आहे. तसं त्या कधी बोलून दाखवत नाहीत. सकाळी बाथरूम पहिलं त्यांचं, एवढंच.

कामाला आम्ही दोघी एकाच दुकानात. मोठं, मजल्यामजल्यांचं दुकान. तळमजल्यावर क्रीम, पावडरी, अत्तरं. वर कपडे, त्याच्या वर फर्निचर. आणि खाली तळघरात बादल्या, टोपल्या, पोछे आणि कचऱ्याचे डबे. वन्सं तळमजल्यावर, मी तळघरात. मीही आधी तळमजल्यावरच होते, नेलपॉलिशच्या काउंटरला. चाळिशी उलटली, अंग जरा सुटलं, आणि मॅनेजरनं बोलावून गोड आवाजात सांगितलं, "तुमच्या अनुभवाची खाली गरज आहे." बादली विकायला कसला अनुभव लागतो ते मला अजून कळलेलं नाही. भोक नाही ना, एवढं बघायचं.

या मॅनेजरला आम्ही स्माईलसाहेब म्हणतो. जाता-येता प्रत्येकीला "स्माईल!" म्हणून ओरडतो. स्वतः कधी हसलेला कुणी पाहिला नाही.

तर हा माणूस एक दिवस वन्संच्या काउंटरपाशी येऊन उगाच बाटल्या सरळ करायला लागला आणि म्हणाला, "ताई, खाली गारवा छान असतो हं."

वन्सं काय ते समजल्या. घरी आल्या त्या जेवल्या नाहीत. नुसत्या ताटावर बसून राहिल्या.

"मी त्या तळघरात मरेन गं," म्हणाल्या.

"मी आहे की जिवंत," मी म्हटलं.

"तुझं वेगळं आहे."

मी भांडी जरा जोरात घासली.

पण खरं सांगायचं तर, वन्संचं दुःख मला कळत होतं. सगळं आयुष्य त्यांनी त्या दिव्यांखाली उभं राहून काढलं होतं. दाराशी येणाऱ्या बाईकडे बघून तिला काय हवंय ते त्या ओळखायच्या. तिथून खाली पाठवणं म्हणजे तुमचं तोंड आता दाखवण्यालायक नाही, असं लेखी देण्यासारखंच. मला दिलं तेव्हा मी दोन दिवस रडले होते, आणि मला तर स्वतःच्या तोंडाचं काही कौतुकही नव्हतं.

नेमकं तेव्हाच ते तेल दुकानात आलं. रात्री लावायचं रेटिनॉलचं तेल. जाहिरातीत एक पोरगी, जेमतेम कॉलेजातली, उशीवर डोकं ठेवून झोपलेली, आणि खाली लिहिलेलं: सुरकुत्या रात्रीत विसरा. तिला सुरकुत्या आठवायला अजून पंचवीस वर्षं होती, पण ते असो. बाटली अंगठ्याएवढी, काच गडद, आणि सोबत माहितीचा कागद: दोनच थेंब, एक रात्र आड, उन्हात जपा. वन्सं हा कागद गिऱ्हाइकांना दिवसभर तोंडपाठ म्हणून दाखवायच्या.

आता टेस्टरची गोष्ट सांगायला हवी. टेस्टर म्हणजे गिऱ्हाइकानं लावून बघायची उघडी बाटली. कंपनी ती एकच देते आणि मग विसरते. गिऱ्हाइकं मात्र विसरत नाहीत. ज्यांना काडीचंही घ्यायचं नसतं त्या बायका कोपरापर्यंत तेल चोळून घेतात आणि "बघते हं" म्हणून निघून जातात. आठवड्यात बाटली रिकामी. रिकामी बाटली स्माईलसाहेबाला चालत नाही आणि नवी तो मागवत नाही. मग काय करायचं? तळमजल्यावरच्या सगळ्या पोरी जे करतात तेच. लहान बाळांच्या मालिशचं तेल घ्यायचं आणि टेस्टर वरपर्यंत भरायचा. वास एवढा-तेवढा वेगळा, पण कुणाला कळतोय! ही युक्ती नव्या पोरींना शिकवणार कोण? आमच्या वन्संच.

आणि याच वन्संनी, आपल्या हातानं बाळाचं तेल ओतलेला तो टेस्टर पर्समध्ये घालून घरी आणला, आणि रोज रात्री तोंडाला लावायला सुरुवात केली.

"अहो वन्सं," मी म्हटलं, "तुम्हीच भरलंय ना ते?"

"मूळ तेल खाली राहतंच की. दही लावताना विरजण किती घालतेस? चमचाभर. अख्खं पातेलं लागतं ना?"

"तेल काय विरजतं का?"

"तू बादल्या विक," म्हणाल्या.

झालं! रोज रात्री चूळ भरल्यासारखी ओंजळ भरून तेल. कपाळ, गाल, मान, हनुवटीखालची ती जागा जिला त्या "थोडी हवा भरलीय" म्हणतात. सकाळी टेस्टर परत काउंटरवर, संपला की पुन्हा भरायचा. उशीचे अभ्रे तळणीच्या कागदासारखे झाले आणि ते धुवायचे कुणी? मीच. आमचे हे म्हणाले, "ताईला लावू दे, तेवढंच सुख." अभ्रे यांनी धुतले असते तर सुखाबद्दल वेगळं मत झालं असतं.

पण गंमत अशी की चेहरा खरंच सुधारला. सुधारणारच. आयुष्यात पहिल्यांदा त्या कोरड्या कातडीला कुणीतरी तेल दाखवलं होतं. शिवाय तेल लावून टीव्हीसमोर बसता येईना म्हणून बाई लवकर झोपायला लागल्या. डोळ्याखालचं काळं गेलं, गाल मऊ दिसायला लागले. दुकानात पोरी विचारायला लागल्या. वन्सं मान जराशी वळवून उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "हेच. रात्रीचं तेल." गिऱ्हाइकं तिथल्या तिथे सीलबंद बाटल्या उचलायची. त्या काउंटरवरून खोक्यांमागून खोकी जायला लागली. स्माईलसाहेब गारव्याचं बोलेनासा झाला.

आणि वन्संचे पाय जमिनीवर राहिनात. तळघरात मला भेटायला यायच्या त्या नाकाला रुमाल लावून, जणू बादल्यांना वास येतो.

मग कंपनीची बाई आली. उंच, नाजूक, बोलताना सारखी हवेत बोटांनी काहीतरी उचलणारी. तिनं वन्संचा चेहरा हनुवटीला धरून इकडे-तिकडे फिरवला, बाजारात आंबा बघावा तसा. मोबाईलवर एक फोटो काढला आणि म्हणाली, "आम्हाला मॉडेल नकोच आहे. खरी बाई हवीये. दुकानाच्या भिंतीवर तुमचा फोटो, माणसाएवढा! शनिवारी नीट फोटो काढू. आणि हो, ही तुम्हाला भेट." असं म्हणून तिनं पर्समधून अस्सल, सीलबंद, सगळ्यात कडक ताकदीची मोठी बाटली काढून दिली.

स्माईलसाहेब तिथेच होता. तो म्हणाला, "ताई आमच्या तळमजल्याची शान आहेत. यांना आम्ही कुठे हलवणार!" वन्संनी मला हे तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी त्याच्या आवाजात.

त्या संध्याकाळी त्यांनी ती बाटली उघडली. मी अभ्रा बदलत होते.

"दोन थेंब हं," मी म्हटलं. "तुमचाच कागद सांगतो."

"तो नव्या लोकांसाठी. माझ्या कातडीला सवय झालीय. इतके दिवस ओंजळभर लावतेय, काही झालं का?"

"इतके दिवस तुम्ही बाळाचं तेल लावताय!"

"विरजण," वन्सं म्हणाल्या आणि ओंजळ पुढे केली.

एक रात्र आड वगैरे काही नाही, रोज. शनिवार जवळ येत होता ना! सकाळी तसाच चेहरा घेऊन गच्चीत उन्हात चालायच्या, "उजाळा आत मुरतो" म्हणून. पहिल्या सकाळी जरा लालसर झाल्या. म्हणाल्या, तेज आहे. दुसऱ्या दिवशी आग व्हायला लागली. म्हणाल्या, काम करतंय. गुरुवारी नाकाच्या कडेची कातडी सुटली. शुक्रवारी हसल्या तर तोंडाच्या कोपऱ्यात चिरा पडल्या आणि गालाचे पापुद्रे निघायला लागले, जुन्या भिंतीचा रंग निघावा तसे. आमचे हे बहिणीकडे बघून घाबरलेच. "डॉक्टरकडे चल," म्हणाले. त्या खोलीचं दार लावून बसल्या. आतून रडण्याचा आवाज आला, आणि मग "आई गं", कारण डोळ्यातलं पाणी गालाला झोंबत होतं. मला हसू येत होतं आणि माझाच राग येत होता.

शनिवारी त्या दुकानात गेल्या. न जाऊन करतात काय? पावडर थापली तर ती पापुद्र्यांवर साचून अजूनच बेकार दिसायला लागलं, म्हणून धुवून तशाच गेल्या. बसायला स्टूल हवं म्हणून तळघरातून मला वर बोलावलं, त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

कंपनीच्या बाईनं चेहरा बघितला. तिची हवेतली बोटं हवेतच राहिली.

"हे काय केलंत? मागे तर एकदम छान होता! तेव्हा काय लावत होतात?"

तळमजल्यावरच्या पोरी आपापल्या टेस्टरकडे बघायला लागल्या. स्माईलसाहेबानं वन्संकडे असं बघितलं की बोलाल तर बघा. टेस्टरमध्ये काय असतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं; त्यासाठी उचललेल्या मालिशच्या तेलाच्या बाटल्या 'फुटल्या' म्हणून तोच सही करून द्यायचा. वन्संनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. सांगा हो वन्सं, मी मनात म्हणत होते, उडवा यांची भंबेरी!

"हेच लावत होते," वन्सं म्हणाल्या. "रात्रीचं तेल."

काउंटर हवा होता ना त्यांना. काउंटरसाठी त्या आणखीही बरंच काही बोलल्या असत्या.

कंपनीच्या बाईनं मोबाईलमधला मागचा फोटो काढून पाहिला. मग तिचा चेहरा उजळला, तेलाशिवायच. "अरे, मग काही बिघडलं नाही! उलट बरंच झालं. आजचा फोटो आपण 'आधी' म्हणून घेऊ. आणि मागचा, माझ्या मोबाईलमधला, तो 'नंतर'."

तसंच केलं. माझ्या स्टुलावर बसवून, दिवे तोंडावर मारून, त्यांचा तो सोललेला चेहरा टिपला. "हसू नका," फोटोवाला म्हणाला. त्या हसण्यासारख्या नव्हत्याच.

पुढच्या आठवड्यात भिंतीवर लागला फोटो. डावीकडे 'आधी': लाल, पापुद्रे निघालेल्या वन्सं. उजवीकडे 'नंतर': मऊ, तुकतुकीत वन्सं. दोन्ही फोटो अगदी खरे, कुठे काही रंगवलेलं नाही. फक्त उजवा आधीचा आणि डावा नंतरचा. आणि उजव्यातली सगळी चकाकी कुणाच्या तरी बाळाच्या तेलाची. बायका समोर उभ्या राहून "अगंबाई!" म्हणायच्या आणि दोन-दोन बाटल्या घ्यायच्या. आता त्यातल्या किती जणी घरी जाऊन "आई गं" म्हणत असतील, ते विचारायला कोण जातंय!

वन्संना मात्र त्या फोटोखाली उभं करता येईना. फोटो म्हणतो कातडी रेशमी झाली, आणि खाली खरी बाई साल निघालेली. "चेहरा शांत होईपर्यंत चार दिवस खाली थांबा, ताई," स्माईलसाहेब म्हणाला. काउंटरवर त्या जाहिरातीतल्या पोरीच्या वयाची एक नवी पोरगी आली.

चेहरा शांत झाला. मी बाळाचं तेल लावायला दिलं, त्यांनी रोज लावलं. महिन्याभरात अगदी उजव्या फोटोसारख्या दिसायला लागल्या. मग केस नीट बांधून, लिपस्टिक लावून त्या वर गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मी आले."

स्माईलसाहेबानं फोटोकडे बोट दाखवलं. "ताई, तुम्ही आहात की वर! चोवीस तास. सुट्टी नाही, वय नाही. आता अजून तुमची काय गरज?" आणि मग, सवयीनं, "स्माईल!"

मला तेव्हा त्याच्या डोक्यात बादली घालावीशी वाटली. मोठी, झाकणाची.

आता आम्ही दोघी तळघरात आहोत. वन्सं टोपल्यांच्या बाजूला, मी बादल्यांच्या. वन्सं आता नाकाला रुमाल लावत नाहीत. पहिले काही दिवस गिऱ्हाईक आलं की त्या नुसती टोपली पुढे सरकवायच्या आणि भिंतीकडे बघायच्या. खाली आरसा नाही.

परवा एक बाई आली, वन्संच्याच वयाची. हातात वरच्या काउंटरची नवी कोरी पिशवी, आत ती अंगठ्याएवढी बाटली. टोपली बघता बघता तिनं वन्संकडे निरखून बघितलं.

"अहो, तुम्हीच ना त्या फोटोतल्या?"

"मीच."

"म्हणजे खरंच फरक पडतो?"

मी पोछ्यांच्या आड उभी होते. वन्संनी त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पूर्वी काउंटरवर बघायच्या तसं, सावकाश आणि पुरतं. मग हात पुढे केला.

"पडतो ना. मी वर होते, खाली आले," त्या म्हणाल्या. "ती बाटली आणा इकडे. बाळांच्या मालिशचं तेल कुठल्या रॅकवर मिळतं ते सांगते."